आज दुपारी गडगडेल काय?



चैत्र अर्धा उलटला की आपल्या घाटाखालच्या मुलखात सकाळचा चहा होतो न होतो तोच घराघरांतून एक प्रश्न ऐकू येतो, "आज आभाळ येईल का हो?" कांदा उपटून वावरात पडलेला असतो, मका खळ्यावर असतो, कुटार भरायचे राहिलेले असते. कुणाच्या घरी लग्न निघालेले असते आणि मांडव दारात उभा असतो. पाऊस आला तर हातचा माल जातो. तो येईल म्हणून सगळे झाकून बसावे आणि दिवसभर ऊन तापावे, तर दिवसाचे काम आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

म्हणून आज या प्रश्नाचाच विचार करू. वादळी पाऊस होण्याजोगा दिवस सकाळी कसा ओळखावा, दुपारी आभाळावर नजर कशी ठेवावी आणि हातातले काम नेमके कोणत्या क्षणी सोडावे, हे तीन मुद्दे आहेत. पहिल्या दोन मुद्द्यांत थोडे शास्त्र आहे. तिसऱ्यात माणसाचा जीव आहे. तेव्हा लेख वाचता वाचता मध्येच सोडू नका.

वर्षाचा अंदाज आणि दिवसाचा अंदाज

अंदाज ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी दर अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगतात. शेतात घट आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ भिजले ते पाहून भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला येतात. त्यामागे लोकांची श्रद्धा आहे, आणि आज मला त्या वादात शिरायचे नाही.

परंतु घटमांडणीत विचारला जातो तो प्रश्न वर्षाचा असतो. पाऊसपाणी कसे राहील, कोणते पीक साधेल, असा तो असतो. आपला आजचा प्रश्न फार लहान आहे. आज दुपारी तीन ते सात या वेळात माझ्या वावरावर वीज कडाडेल काय? या लहान प्रश्नाचे उत्तर आभाळ स्वतःच देत असते, आणि तेही काही तास आधीपासून. ते वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

सुरुंगाचे उदाहरण घ्या

विहिरीचे खोदकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. खडकात बार उडवायचा तर भोकात दारू भरावी लागते, वरून मातीने ती घट्ट ठासावी लागते आणि शेवटी वात पेटवावी लागते. दारू नसेल तर वात पेटवून काही होत नाही. ठासण नसेल तर नुसता फुसका आवाज होतो.

वळवाच्या वादळाचेही तसेच आहे. जमिनीलगतच्या हवेतला ओलावा ही त्याची दारू. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, हे चुलीवर पाणी ठेवणाऱ्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा तीच उष्णता बाहेर पडते. ढगात नेमके हेच घडते. हिशेब करून पाहा. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी झाले. एवढे पाणी वाफेतून तयार होताना वर ढगात जी उष्णता सुटते ती सुमारे २७ हजार युनिट विजेइतकी असते. पाच अश्वशक्तीची मोटर रात्रंदिवस तीनशे दिवस चालवली तर जेवढी वीज जळेल, तेवढी ही ऊर्जा! आणि हा हिशेब एका एकराचा आहे. वादळाचे बळ येते ते इथून.

दुसरी गोष्ट, खालची हवा तापलेली आणि वरची थंड. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंश थंड होत जाते. पण तिच्यात ओलावा असेल तर ढग बनू लागताच ती सुटलेली उष्णता घेते, भोवतालच्या हवेपेक्षा गरमच राहते आणि चढतच जाते. वर जितके थंड, तितकी चढण जोरात. मोठा वळवाचा ढग अशा रीतीने बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे वात. हवेला वर ढकलणारा काहीतरी धक्का लागतो. आपल्याकडे तो बहुधा दोन ठिकाणांहून मिळतो. एक आपला घाट. मोताळ्याच्या दक्षिणेला राजूर घाट आणि अजिंठ्याची डोंगररांग उभी आहे. दुपारी हे उतार तापतात, हवा उतारावरून वर चढते, आणि उन्हाळ्यात पहिले ढग बहुधा त्या अंगालाच उगवताना दिसतात. दुसरा धक्का वाऱ्यांच्या मिलाफाचा. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा कोरडा वारा आणि आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागराकडून येणारा दमट वारा हे विदर्भ-मराठवाड्याच्या पट्ट्यात एकमेकांना भिडतात. जिथे भिडतात तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. हवामान खात्याच्या वार्तापत्रात 'विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा' किंवा 'वाऱ्याची विसंगती' असे शब्द येतात, ते याच रेषेविषयी असतात. ते शब्द कानी पडले की कान टवकारावेत.

घरातला कूलर काय सांगतो

ओलावा मोजायला मोठी यंत्रे लागतात असे नाही. विदर्भात घरोघरी एक यंत्र आहेच. ते म्हणजे कूलर. कूलर गार करतो तो पाणी वाळवून. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर वाळते आणि खोली थंडगार होते. ज्या दिवशी कूलर चालू असून अंग चिकचिकते, बाया म्हणतात "आज कूलरनं काही फरकच पडंना", त्या दिवशी हवेत ओलावा भरला असे समजावे. माठातले पाणी नेहमीसारखे गार झाले नाही, मीठ ओलसर झाले, गुळाच्या ढेपेला पाझर फुटला, ही सगळी त्याच एका गोष्टीची चिन्हे आहेत. आपल्या आज्या-पणज्या मीठ-गुळावरून पावसाचे बोलत, त्यात हे तथ्य होते.

थोडे अधिक नेमके हवे असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला हा प्रयोग द्या. स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्यावे, त्यात तापमापक ठेवावा आणि थोडेथोडे बर्फाचे पाणी घालत ढवळावे. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पहिला धुरकट दव दिसेल त्या क्षणीचा आकडा लिहून ठेवावा. याला दवबिंदू म्हणतात. रोज सकाळी एकाच वेळी, सावलीत हे करावे. एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व नाही, चढ-उताराला आहे. तीन दिवस आकडा ओळीने चढत गेला तर दारू भरली जात आहे असे धरावे. कोरडा वारा सुटून आकडा घसरला तर ऊन कितीही तापो, वादळाची भीती कमी.

म्हणजेच, नुसते ऊन तापले म्हणून वादळ होत नाही. पारा ४३ अंशांवर असतानाही कोरडे दिवस आठवडाभर सरतात, आणि कधी ३९ अंशांच्या दमट दिवशी आभाळ फाटते.

वाऱ्याचा कल

सकाळी सात वाजता चुलीचा धूर किंवा देवळावरचा झेंडा पाहा. वायव्येकडून वा पश्चिमेकडून कोरडा वारा असेल तर बहुधा कामाचा दिवस. वारा पूर्व-आग्नेयेकडून वळला आणि तसाच दोन दिवस टिकला तर सावध व्हावे. त्यानंतर वरच्या पांढऱ्या ढगांकडे पाहावे. खालचा वारा एका दिशेने आणि वरचे ढग दुसऱ्याच दिशेने धावत असतील तर एक वाईट चिन्ह वाढले. अशा दिवशी ढगात चढणारी हवा आणि कोसळणारा पाऊस एकमेकांपासून वेगळे राहतात, त्यामुळे ढग लवकर संपत नाही. वारा, गारा आणि विजा यांचा जोर अशाच ढगांत असतो.

पहाटे किंवा सकाळी आभाळात लहान ढगांची रांग दिसते आणि त्यांची डोकी किल्ल्याच्या बुरुजांसारखी वर आलेली असतात, हे कधी पाहिले आहे काय? वर उंचावरची हवा अस्थिर आहे, असा तो निरोप असतो. ते ढग तासाभरात विरून जातात आणि लख्ख ऊन पडते. लोक म्हणतात, "आलं अन् गेलं." पण तो दिवस संध्याकाळपर्यंत विसरू नये.

ठासण घट्ट असली तर

पुष्कळदा असे होते की उकाडा आहे, कूलर चालत नाही, वारा आग्नेयेचा आहे, तरी चार वाजेपर्यंत आभाळात कापसाच्या पुंज्याएवढाही ढग नाही. माणूस म्हणतो, अंदाज खोटा ठरला. त्या वेळी जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा एक थर पसरलेला असतो. खालून चढणारी हवा त्याला टेकते आणि थांबते. ही आपली ठासण. ढग वर वाढण्याऐवजी भाकरीसारखे चपटे पसरतात, आभाळ धुरकट दिसते.

कधी ही ठासण दिवसभर टिकते आणि काहीच होत नाही. पण ती पाच वाजता फुटली, तर दिवसभर दाबून राहिलेला सगळा ओलावा एकदम वर उसळतो. अर्ध्या-पाऊण तासात निरभ्र आभाळातून वादळ उभे राहते. उशिरा आलेले वळीव पुष्कळदा अधिक जोराचे असते ते यामुळे.

गारपिटीचे दिवस मात्र बहुधा आणखी आधी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा गोठण्याची पातळी मे महिन्याच्या मानाने खाली असते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत येताना पुरती वितळत नाही. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात यावा आणि त्याच वेळी समुद्राकडचा दमट वारा इकडे वळावा, की गारांचा योग येतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ-मराठवाड्यात, आपल्या जिल्ह्यासह, हाता-तोंडाशी आलेला हरभरा आणि गहू गारांखाली गेला. तेव्हा महाशिवरात्रीच्या सुमारास ढगाळ उकाडा वाटला तर हा लेख पुन्हा काढून वाचावा.

खात्याचा अंदाज कसा वाचावा

हवामान खात्याचे नागपूरचे प्रादेशिक केंद्र विदर्भासाठी जिल्हावार इशारे देते. त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पिवळा म्हणजे 'काही होत नाही' असा अर्थ आपण लावतो, तो चुकीचा आहे. वीज पडून मरण यायला पिवळा दिवस पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्शावर पाऊस. आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. समजा तीन तालुक्यांत पाऊस झाला आणि दहा कोरडे राहिले, तर अंदाज खरा ठरला. मात्र त्या दहा तालुक्यांतला शेतकरी म्हणेल, खाते खोटे बोलले. वळवाचा एकेक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. धामणगाव बढे भिजते आणि बोराखेडीला धूळ उडते, हे आपण पाहतोच. सकाळी कोणत्याही शास्त्रज्ञाला हे सांगता येत नाही की ढग कोणाच्या बांधावर फुटेल. हवा सुरुंगासारखी भरली आहे की नाही, एवढे मात्र तो सांगू शकतो. हे जाणण्यासाठी जगभर ठरलेल्या वेळी, आपल्याकडे पहाटे साडेपाच व सायंकाळी साडेपाचला, यंत्र बांधलेले फुगे आकाशात सोडतात. नागपूरलाही सोडतात. कोणत्या उंचीवर किती उष्णता, किती ओलावा, वारा कुठला, हे ते फुगे कळवतात.

सकाळचा अंदाज ऐकल्यावर दुपारी दर तीन तासांचा तातडीचा इशारा पाहावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइलवरचे साधन तयार केले आहे. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा चमकत असल्या तर ते सूचना देते. घरातल्या एका तरी मोबाइलवर ते असावे, आणि तो मोबाइल घरी खुंटीला न ठेवता वावरात जाणाऱ्याच्या खिशात असावा.

दुपारचे आभाळ

बारानंतर दर अर्ध्या तासाला चहूकडे एक नजर टाकावी. मोताळ्याहून पाहताना जामनेर-बोदवडकडची पश्चिमेची बाजू आणि अजिंठ्याच्या डोंगराची बाजू विशेष पाहावी, कारण मार्च-एप्रिलमध्ये वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात आणि ढग त्यांच्याबरोबर आपल्याकडे सरकतात.

ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागला, त्याच्या कडा फुलकोबीसारख्या ठळक दिसू लागल्या, की तो जोमात आहे. मग त्याच ढगाचे डोके गुळगुळीत, पिंजलेल्या कापसासारखे होते आणि ऐरणीसारखे एका बाजूला पसरते. वर बर्फ तयार झाल्याचे ते लक्षण. बर्फाचे कण व मऊ गारा एकमेकांवर आपटूनच ढगात वीज साठते. फुलकोबी दिसल्यापासून पहिल्या विजेपर्यंत कधीकधी वीस-तीस मिनिटेच मिळतात.

त्यानंतर येतो वारा. ढगातली पावसाने थंड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना धावते. उकाड्यात एकदम गार झुळूक आली, क्षितिजावर धुळीची भिंत उठली, पाखरे खाली बसली, की हाच वारा आला. तो पावसाच्या पुढे धावतो. पत्रे उडवतो, झाडे पाडतो. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातील पारस येथे देवस्थानात जमलेले भाविक वादळामुळे पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. मोठे कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. आसरा म्हणून जिथे थांबलो तिथेच घात झाला. पत्रा आणि जुने झाड ही जोडी वादळात आसऱ्याची नाही, हे त्या दिवसाने शिकवले.

वादळामागे धावणारी माणसे

अमेरिकेच्या मैदानी मुलखात वादळाच्या मागे मुद्दाम मोटारी घेऊन धावणारे लोक आहेत. डेव्हिड होडली नावाच्या गृहस्थाने १९५६ साली हा छंद सुरू केला. पुढे शास्त्रज्ञही अभ्यासासाठी तसे करू लागले. ती माणसे सकाळी उठून आपण वर पाहिले तेच प्रश्न विचारतात. ओलावा किती, वरची हवा थंड आहे काय, धक्का कुठे मिळेल, खालचा-वरचा वारा वेगळा आहे काय? मग नकाशावर एक जागा ठरवून तिकडे निघतात.

त्यांच्यातले टिम समरास हे नावाजलेले अभ्यासक होते. आयुष्यभर त्यांनी वादळे मोजली. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाजवळ वादळाने एकाएकी रोख बदलला, ते वाढत गेले, आणि समरास, त्यांचा मुलगा व त्यांचे सहकारी त्यात ठार झाले. एवढ्या जाणकार माणसालाही शेवटच्या काही मिनिटांचा अंदाज साधला नाही. मग "एवढी एक सरी काढून घेऊ, मग जाऊ" असे म्हणणाऱ्या आपल्याला तो कसा साधेल? आपल्याला वादळामागे धावायचे नाही. आपण वावरात असतो आणि तेच आपल्याकडे येते. म्हणून थांबण्याची खूण आधीच ठरवून ठेवावी लागते.

काम सोडण्याची खूण

ही खूण एकच ठेवा. पहिला गडगडाट ऐकू आला की काम बंद. पावसाची वाट पाहायची नाही. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे. पाऊस दूर असताना, डोक्यावर ऊन असतानाही ती पडू शकते. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढे अंतर वीज सहज तोडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत वावरात परतू नये.

जायचे ते पक्क्या घरात, किंवा बंद जीपगाडीत. झाडाखाली कधीही नाही. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारी माणसेच फार असतात. बैल, गाई झाडाला बांधू नयेत, तारेच्या कुंपणाजवळ उभ्या करू नयेत. गुरांचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने जमिनीतून धावणारी वीज त्यांना अधिक लागते. जवळ काहीच आसरा नसेल तर सखल जागी, एकमेकांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज सोडून द्यावा. वीज उंची पाहते, जन्म पाहत नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहते, हेही खरे नाही. त्याला लगेच हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा जोराने दाबत राहावे आणि १०८ ला फोन लावावा. अशी माणसे वाचू शकतात.

रोज पुरा द्या

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. गडगडाट ऐकू आल्यावर काम थांबवायचे कोणी? कांदा उपटणारी बाई ते म्हणणार नाही. ती म्हणाली तर तिचा अर्धा रोज बुडेल, आणि संध्याकाळी तिला तेलमीठ घ्यायचे आहे. मुकादम म्हणणार नाही, कारण मालक ओरडेल. मालक गावात आहे. अशा रीतीने आभाळ सगळ्यांना दिसते, गडगडाट सगळे ऐकतात, आणि दहा बाया वाकून कांदा उपटतच राहतात. पहिला थेंब पडला की सगळ्याजणी बांधावरच्या झाडाकडे धावतात. दरवर्षी आपण वर्तमानपत्रात जी बातमी वाचतो ती अशा दहा-पंधरा मिनिटांत घडते.

म्हणून बंधूंनो, वादळी हवा वाटेल त्या दिवशी सकाळी मजूर वावरात उतरतानाच मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे, "गडगडलं की सुट्टी, रोज पुरा." शक्य तर त्या दिवशी कामाची वेळच पहाटे सहा ते अकरा ठेवावी. गडगडाट ऐकून काम थांबवण्याचा अधिकार बायांपैकीच एका जाणत्या बाईला द्यावा, आणि जायचे कुठे ते घरही तिला दाखवून ठेवावे. सगळ्या उन्हाळ्यात असे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच येतात. काही वेळा ढग येईल आणि न फुटता निघून जाईल, दिलेला रोज फुकट गेला असे वाटेल. तो फुकट जात नाही. बियाण्याला औषध चोळतो तेव्हा रोग येणारच असे कुठे ठाऊक असते? तसाच हा खर्च धरावा.

मालाचेही तसेच करावे. वादळी दिवशी मळणी अकराच्या आत उरकावी, माल दुपारी पसरू नये, ताडपत्री खळ्यावरच ठेवून तिच्या कडांना दगड लावावेत. आभाळ भरल्यावर ताडपत्री शोधायला घरी पळणे म्हणजे विजेच्या तोंडी धावणे होय.

घरातल्या दिनदर्शिकेवर रोज चार अक्षरे लिहावीत, कूलर, वारा, ढग, आणि संध्याकाळी काय झाले ते. मुलींकडे हे काम द्या, त्या नेमाने करतील. दोन उन्हाळ्यांत तुमच्याच शिवाराचा असा आडाखा तयार होईल की नागपूरचा अंदाज आणि तुमची वही शेजारी ठेवून तुम्ही दिवस ठरवू लागाल.

पुढील अंकात उन्हाळी नांगरटीविषयी बोलू. तोवर जपून असा.